टॉर्क आर्म वेल्ड करू नका
वर कुणीतरी म्हणालंय की शाफ्ट माउंटेड गिअरबॉक्स (मशीनच्या शाफ्टवरच थेट बसवलेला) चालताना हलतो तर टॉर्क आर्म (बॉक्स स्वतः गोल फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी जोडणारा दांडा) सरळ फ्रेमला वेल्ड करून टाका, तसं अजिबात करू नका राव. शाफ्ट कधीच एकदम सरळ नसतो त्यामुळे बॉक्स थोडा डुलणारच, आर्म जाम केला की सगळा लोड बेअरिंगवर जातो आणि मग ऑइल सील गळायला लागतं. आर्मच्या टोकांना पिन किंवा रबर बुश ठेवा, आर्मवर शक्यतो ताण येईल असा लावा, दाब नको. बॉक्स मशीनच्या बेअरिंगला जमेल तितका जवळ. आणि हो, चढाचा कन्व्हेअर असेल तर बॅकस्टॉप (कन्व्हेअर उलटा मागे फिरू न देणारा भाग) हवाच, पण मोटरची दिशा आधी मोटर आणि बॉक्समधला व्ही बेल्ट काढून चेक करा, उलटी फिरली तर बॅकस्टॉपचं वाटोळं.