मदत हवी आहे: यानाचं दार डावीकडून उजवीकडे गेलं, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापुरातले सहा जण मिळून यूट्यूबसाठी एक छोटी विज्ञानकथा मालिका करतोय. आमचं यान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, मित्राच्या काकांच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. सगळे नोकरी-कॉलेजवाले, त्यामुळे शूटिंग फक्त रविवारी.

केबिनचं निम्मं शूटिंग फेब्रुवारीत झालं. मग कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी लग्न, आणि मग ऊन. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेल्या प्लायचं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. जूनमध्ये कुलूप काढलं तर फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींचे प्लायचे तुकडे, पापडासारखे वळलेले. दाराचा फ्लॅट जागेवर बसेचना. आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात मिस्तरींनी तो फिरवून मागची बाजू पुढे केली, राखाडी रंग मारला, लाल दांडा काढून नव्या बाजूला ठोकला आणि मोकळे झाले. "दार उघडतंय का? उघडतंय. मग?" आम्हीही बावळटासारखा अख्खा रविवार शूट करत बसलो.

एडिटिंगला बसल्यावर कळलं. एकाच प्रसंगात कॅप्टन केबिनमध्ये येते तेव्हा बिजागऱ्या डावीकडे, आणि अर्ध्या मिनिटाने धोक्याचा भोंगा वाजल्यावर बाहेर पळते तेव्हा उजवीकडे. दांडाही दाराबरोबर पलीकडे गेलाय.

चित्र आडवं उलटवून पाहिलं. दार जागेवर आलं, पण भिंतीवरचं 'निर्वात कक्ष' आरशात दिसावं तसं झालं आणि कॅप्टनच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूला गेला. पुन्हा शूट करावं तर काकांना पुढच्या आठवड्यात शेडमध्ये चादरीचे गठ्ठे ठेवायचेत. मित्र म्हणतो, "सोड बे, मोठ्या मोठ्या मालिकांत चुकतंय." मला सोडवत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

नेपथ्यवाला:
मित्र खोटं बोलत नाहीये. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मध्ये दुसऱ्या सीझनला, म्हणजे १९८८ साली, यानाच्या पुढच्या कडेला एक बैठकीची जागा आली, टेन फॉरवर्ड. आतल्या सेटला मोठमोठ्या खिडक्या, पण यानाचं सहा फुटी मॉडेल आधीच तयार होतं आणि त्यावर त्या जागी खिडक्याच नव्हत्या. तिसऱ्या सीझनसाठी चार फुटी नवं मॉडेल केलं, त्यात त्या आल्या. पण जुन्या मॉडेलचे शॉट नंतरही वापरले जात राहिले. म्हणजे बाहेरून बघाल तर खिडक्या कधी आहेत, कधी नाहीत.

तुमच्या प्लायची कथा तर 'डॉक्टर हू'मध्येही घडलीय. १९७६ साली त्यांनी टार्डिससाठी, म्हणजे डॉक्टरच्या यानासाठी, लाकडी नियंत्रण कक्ष केला, फार देखणा. सीझन संपल्यावर भिंती गोदामात गेल्या आणि तिथे वाकल्या. १९७७ मध्ये पांढरा कक्ष परत आणला. कथेत सांगितलं की पांढरा कक्ष रंगकामासाठी बंद होता. एका वाक्यात काम झालं.

पण हे वाक्य तुम्हाला चालणार नाही. त्यांच्या बदलात दोन भागांमधलं अंतर होतं, तुमच्याकडे भोंगा वाजतोय. तेवढ्यात कोण सुतार बोलावतो? पुढच्या भागांत दार आहे तसं राहू द्या, तिथे वाक्य टाका. या प्रसंगापुरतं मात्र दार लपवायला हवं.

आधी मोजा. जूनच्या किती शॉटमध्ये बिजागरी किंवा दांडा खरोखर दिसतो? फोर-केमध्ये शूट केलं असेल तर फ्रेमची निम्मी रुंदी कापूनही फुल एचडी उरतं, बरेच शॉट त्यातच सुटतील. जो सुटणार नाही तो दाराशिवाय घ्या. कॅप्टनचा चेहरा जवळून, दार उघडल्याचा आवाज, आणि गालावरून जाणारा उजेडाचा पट्टा. उजेडासाठी टॉर्चसमोरून पुठ्ठा सरकवला तरी पुरे. मागे राखाडी प्लायचा एक तुकडा लागेल, शेड नाही. शर्ट मात्र तोच.

आणि यापुढे प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर नंबर आणि बाण. नाटकाचे दौरे करणारे आम्ही ट्रकमधून सेट उतरवतो ते त्याच्याच जोरावर.

मागावरचा:
दाराचं जाऊ द्या. पहिल्या भागाची झलक पाहिली. कॅप्टनच्या बंकवरची चादर आधी सुलट आहे, भोंग्यानंतर उलट. जॅकार्डची दिसतेय, मोराचे रंग अदलाबदल झालेत बघा. आधी गडद जमिनीवर पांढरा मोर होता, नंतर पांढऱ्या जमिनीवर गडद. घरी चार माग असल्यामुळे पहिली नजर तिथेच गेली, माफ करा.

रातकिडा:
आंतरतारकीय प्रवासाला सोलापुरी चादर नेली यातच सगळं माफ. शेंगा चटणी कुठे ठेवलीय?

धागाकर्ता:
नेपथ्यवाले काका, मोजले. सात शॉटपैकी तीनच अडचणीचे निघाले. दोन कापून जमले, दाणेदारपणा जरा वाढला पण भोंग्याच्या लाल उजेडात कळत नाही. तिसरा तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री आमच्या गच्चीवर घेतला. टॉर्चचा उजेड फार पांढरा येत होता, म्हणून त्यावर पतंगाचा पिवळा कागद बांधला. शेजारच्या काकू विचारून गेल्या, लाइट गेलीय का म्हणून.

@मागावरचा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि आता ते डोळ्यांसमोरून जातच नाही. त्या शॉटवर सगळ्यात लांब संवाद आहे, कापता येत नाही. बंकचा कोपरा अंधारात ढकलता येतो का बघतोय. कुणी केलं असेल तर सांगा.

मिस्तरींना दोन्ही फोटो दाखवले. बराच वेळ बघून म्हणाले, "आधी सांगायचं ना."