घाम सिंपथेटिकचा, बारीक बाहुली पॅराची, मग फवारणीच्या पेशंटला दोन्ही एकदम कसं?

नर्सिंगवाली_लातूर

नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी नर्सिंग फर्स्ट इयरला आहे, सोमवारी फिजिऑलॉजीची इंटर्नल आहे आणि ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे ठोके, घाम, आतडं असलं आपोआप चालवणाऱ्या नसा, काही केल्या डोक्यात शिरंना गेलंय. त्यात मारामारीच्या तयारीची सिंपथेटिक आणि आरामाची पॅरासिंपथेटिक. तक्ता पाठ आहे हो, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन, सिंपथेटिकनं बाहुली मोठी पॅरानं बारीक, सिंपथेटिकनं ठोके वाढतात पॅरानं कमी होतात, लाळ आतडं मूत्राशय सगळं. मराठी मिडियमची असल्यामुळं त्यांची नावं अनुकंपी परानुकंपी पण माहितेत, पण अनुकंपा म्हटलं की मला अनुकंपा तत्त्वावरची नोकरीच आठवते, त्यात मारामारीची तयारी कुठून आली हेच कळंना.

आता खरी अडचण. परवा मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग होती, तिथं तुरीवर फवारणी करताना विषबाधा झालेला एक जण आलता. सिस्टरनी टॉर्च मारून दाखवलं, बाहुली मोहरीएवढी. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, छातीत घरघर. मी मनात म्हटलं हे सगळं पॅरा, तक्त्यात बसतंय. मग अंगाला हात लावला तर बनियन पिळून घ्यावं इतका घाम! आणि तक्त्यात घाम सिंपथेटिकच्या रकान्यात आहे. मॅडमला विचारलं तर म्हणल्या आधी तक्ता नीट पाठ कर. आता अजून किती पाठ करू? दोन्ही सिस्टिम एकदम चालू झाल्या होत्या का त्याच्या? कुणीतरी समजेल असं सांगा प्लीज.

गोदाकाठ_नांदेड

सोपंय ताई. सिंपथेटिक म्हणजे ॲक्सिलरेटर, पॅरा म्हणजे ब्रेक. पेशंट घाबरला असणार म्हणून घाम आला, बाकी सगळं विषाचं. पेपरात एवढं लिहा, मार्क मिळतात.

जुना_रेसिडेंट

गोदाकाठ भाऊ, मार्क मिळतील पण उत्तर चुकीचंय. बेशुद्ध पडलेल्या ओपी पॉयझनिंगच्या, म्हणजे फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेच्या पेशंटलाही असाच दरदरून घाम असतो, तो कुठं घाबरायला शुद्धीवर असतो. आणि ॲक्सिलरेटर-ब्रेकनं तर पोरांचं वाटोळं केलंय. आतड्याला पॅरा हाच ॲक्सिलरेटर आहे. लाळेला दोन्हीकडून चालना मिळते, पॅराकडून पातळ भरपूर आणि सिंपथेटिककडून थोडी चिकट. हातापायातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांना पॅराची वायर जातच नाही, तिथं एकटं सिंपथेटिकच कमी-जास्त होत राहतं. मग ब्रेक कुठंय?

ताई, तुमचा प्रश्न तक्त्यापेक्षा हुशार आहे. तक्ता दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट धरा, शेवटच्या टोकाला कोणतं रसायन सांडतंय. सिस्टिमचं नाव नंतर.

मेंदू-मणक्यापासून अवयवापर्यंत वायर सलग जात नाही, मध्ये एकदा गाडी बदलावी लागते. ती बदलायची जागा म्हणजे गँगलियॉन. सिंपथेटिकची गाडी पाठीच्या कण्यातून छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्यापर्यंतच्या भागातून निघते आणि निघाली की लगेच फाट्यावर उतरवते, मणक्याच्या शेजारीच. फाट्यावर काळीपिवळ्या उभ्याच असतात, एका एसटीतून उतरलेले लोक चहूकडं पांगतात, म्हणून घाबरल्यावर सगळं अंग एकदम पेटतं. पॅराचं उलटं. ती मेंदूच्या ३, ७, ९, १० नंबरच्या नसांतून आणि खाली माकडहाडाच्या वरच्या भागातून, म्हणजे कण्याच्या सॅक्रल २ ते ४ मधून निघते, सलग लांबची गाडी, थेट अवयवाच्या दारात उतरवते, पुढं गल्लीतून दोन पावलं चालायचं. म्हणून पॅराचं काम एकेका घरापुरतं.

आता रसायन. फाट्यावर, दोन्हीकडच्या, अॅसिटिलकोलीनच सांडतं. अपवाद नाही. फरक फक्त शेवटच्या टप्प्यावर: पॅराच्या टोकाला परत अॅसिटिलकोलीन, सिंपथेटिकच्या टोकाला नॉरअॅड्रेनलीन. आणि इथं एक लबाडी आहे जी तक्ता सांगत नाही, घामाच्या ग्रंथींना जाणारी वायर सिंपथेटिकची असली तरी टोकाला अॅसिटिलकोलीन सांडते.

फवारणीचं ऑर्गनोफॉस्फेट काय करतं? अॅसिटिलकोलीन तोडणारं जे एन्झाइम आहे, कोलिनेस्टरेज, त्यालाच धरून बसतं. सांडलेलं साफ व्हायचंच थांबतं. जिथं जिथं ते रसायन आहे तिथं पूर. बाहुलीला पूर, लाळेला पूर, फुप्फुसात पूर, आणि घामालाही. विषाला सिंपथेटिक-पॅरा काही कळत नाही, त्याला फक्त अॅसिटिलकोलीन कळतं. तुमचा पेशंट तक्त्यात बसत नाही कारण तक्ता नसांच्या नावानं मांडलाय आणि विष रसायनाच्या नावानं चालतं.

नर्सिंगवाली_लातूर

सर वाचून अंगावर काटा आला खरंच. एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. पण एक, त्याच्या दंडाची मांसं पण आपोआप फडफडत होती, ती पण ऑटोनॉमिकच का?

सिस्टर_परभणी

नाही गं बाळा, ती साध्या स्नायूंची. हात हलवतो त्या स्नायूंना नस जिथं भेटते तिथं पण अॅसिटिलकोलीनच लागतं, फक्त ते रसायन ज्यात बसतं ते कुलूप, म्हणजे रिसेप्टर, तिथं वेगळं, निकोटिनिक. बाहुली लाळ छाती घाम ही मस्कॅरिनिक कुलपं. यावर देतात ते अॅट्रोपिन फक्त मस्कॅरिनिक कुलपात बसून ते अडवतं. म्हणून अॅट्रोपिन कितीही दिलं तरी फडफड थांबत नाही, त्यासाठी पॅम नावाचं दुसरं औषध देतात, ते त्या एन्झाइमला विषाच्या तावडीतून सोडवतं, पण उशीर झाला तर नाही सोडवू शकत.

मी चौदा वर्षं झाली कॅज्युअल्टीत आहे आणि सप्टेंबर आला की आमच्याकडं कापसाच्या फवारणीचे पेशंट सुरू. अॅट्रोपिनचं एक अँपूल ०.६ मिलिग्रॅमचं असतं, रात्रीतून खोकी रिकामी होतात. नव्या पोरी बाहुलीकडं बघत बसतात की मोठी झाली का. बाहुलीकडं नका बघू, छातीला स्टेथो लावा. घरघर गेली, छाती कोरडी झाली, नाडी ८० च्या वर आली, बीपी धरलं, की पोचलो म्हणायचं. आणि त्याच्या पुढं गेलं की पेशंट लाल होतो, ताप चढतो, तोंड सुकून जीभ टाळूला चिकटते, लघवी तुंबते, चादर ओढत हवेतलं काहीतरी वेचत बसतो. नातेवाईक म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं. लागलेलं काही नसतं, अॅट्रोपिन जास्त झालेलं असतं. धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेलं लेकरू अगदी असंच दिसतं, कारण धोतऱ्यात तसलंच द्रव्य आहे. फवारणीचा पेशंट आणि धोतऱ्याचा पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर बघितलेत मी. एक पूर, एक दुष्काळ. तेव्हापासून मला तक्ता लागला नाही.

कापूसवाला_सेलू

मी डाक्टर नाही, शेतकरी हाय, वाचता वाचता हितं आलो. मला दोन वर्षाखाली झालं व्हतं हे. पाठीवरचा पंप गळत व्हता, पाठ भिजली, म्हनलं एवढा तास उरकून घेऊ. आधी डोळ्याम्होरं धुरकट झालं, ऊन असून अंधारल्यावानी. मंग तोंडाला सारखं पाणी, थुकून थुकून दमलो, पोटात कळा. मला वाटलं उन्हाचं झालं म्हून झाडाखाली पडलो त्याच भिजल्या शर्टावर. ती चूक झाली माझी. सिस्टर म्हणतात ते लाळ घाम समदं खरंय, पण तोंडावाटं काही न घेता निस्तं पाठीवरून कसं काय भिनलं हे मला आजून कळलं नाही.

सिस्टर_परभणी

दादा, ही औषधं तेलकट असतात, कातडीतून सरळ आत जातात, घाम आलेला असला तर अजून लवकर. भिजलेला शर्ट म्हणजे विषाचं फडकं पाठीला बांधल्यासारखं. पहिलं काम कपडे काढणं, साबण लावून भरपूर पाण्यानं धुणं, आणि लगेच दवाखाना, सोबत औषधाची बाटली घेऊन. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, ते फुप्फुसात जातं. धुरकट दिसलं ते बाहुली बारीक झाल्यामुळं आणि डोळ्यातली लेन्स जवळच्या नजरेवर अडकल्यामुळं.

जालन्याचा_फार्मासिस्ट

इतका चांगला धागा चाललाय तर विंचवाचं राहू नये. लाल विंचू चावला की दोन्ही सिस्टिम खरंच एकापाठोपाठ पेटतात, ताईंनी जे विचारलं होतं ते तिथं दिसतं. विंचवाचं विष नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडेच धरून ठेवतं, म्हणजे नस सारखी वाजत राहते. पहिल्यांदा उलटी, घाम, लाळ. मग सिंपथेटिकचं वादळ, बीपी वर, हातपाय बर्फासारखे गार, ठोके धाडधाड, आणि शेवटी हृदय थकून फुप्फुसात पाणी. पूर्वी यात लेकरं जायची.

यावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली ती डॉ. हिंमतराव बावस्करांनी, महाडच्या भागात काम करताना. मूळचे ते आमच्या जालना जिल्ह्यातले, देहेडचे. २०२२ ला पद्मश्री मिळाली. प्राझोसिन काय करतं, तर रक्तवाहिन्यांवरचं नॉरअॅड्रेनलीनचं अल्फा-१ कुलूप बंद करतं, वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. साधी गोळी हो. ज्यानं कुलूप ओळखलं त्याला किल्ली सापडली.

जुना_रेसिडेंट

रसायनाचं हे डोकं मुळात कुणी चालवलं तेही सांगतो, व्हायव्हाला मास्तर खूश होतात. ऑटोनॉमिक हे नाव लँगलीनं १८९८ ला दिलं, पॅरासिंपथेटिक १९०५ ला. पण नस हृदयाला विजेनं सांगते की रसायनानं हे भांडण चालूच होतं. १९२१ ला ऑटो लोवीनं बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस, म्हणजे मेंदूची १० नंबरची पॅराची नस, उत्तेजित केली, ते मंद झालं, मग त्याच्या भोवतालचं खारं पाणी दुसऱ्या हृदयावर टाकलं तर तेही मंद. वायर जोडलेली नाही, फक्त पाणी! ही कल्पना त्याला झोपेत सुचली, पहिल्या रात्री कागदावर खरडलेलं सकाळी त्यालाच वाचता आलं नाही, दुसऱ्या रात्री परत सुचली तेव्हा उठून थेट लॅबमध्ये गेला. १९३६ चं नोबेल, हेन्री डेल यांच्यासोबत.

आणि अनुकंपेचं: जुन्या वैद्यांना वाटायचं या नसांमुळं अवयव एकमेकांचं दुःख वाटून घेतात, एकाला दुखलं की दुसरा सहकंप पावतो. नाव तिथून चिकटलं. नोकरीशी संबंध नाही, तरी लक्षात राहत असेल तर राहू द्या.

पाठांतरच करायचं तर आपल्या भाषेचं करा. छाती धडधडली, तोंडाला कोरड पडली, हातपाय गार पडले, अंगावर काटा आला, घाम फुटला. घरात साप निघाल्यावर आजी जे बोलते तोच सिंपथेटिकचा रकाना. पंगतीत वरण वाढताना तोंडाला पाणी सुटतं आणि जेवून डोळे मिटायला लागतात तो पॅराचा.

आज रात्री एक करून बघा. मनगटावर नाडी धरा, सावकाश खोल श्वास आत, सावकाश बाहेर. आत घेताना ठोके जरा घाईत येतील, सोडताना रेंगाळतील. ती व्हेगस तुमच्या बोटाखाली. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला १०० च्या आसपास पळतं, आपलं ७०-७२ असतं ते व्हेगसनं दिवसभर लगाम धरल्यामुळं.

गोदाकाठ_नांदेड

चूक मान्य सर. आत्ता नाडी धरून बसलोय, खरंच येतंय.

नर्सिंगवाली_लातूर

सर मी पण केलं, मला पण आलं! मग घरी गावाकडं आलेय तर आबांची नाडी धरली. त्यांना बारा-तेरा वर्षांपासून शुगर आहे. श्वास आत बाहेर करायला लावला तर फरकच येईना, एकसारखी टिकटिक. मग उभं केलं तर नाडी तशीच, आणि त्यांनी दाराची चौकट धरली, म्हणले थांब अंधारी आली. सकाळी उठल्यावर रोज असंच होतंय म्हणे, कुणाला सांगितलंच नाही त्यांनी. मी चुकीचं मोजलं का?

जुना_रेसिडेंट

वयामुळंही नाडीतला तो फरक कमी होतो, त्यामुळं एवढ्यावरून काही ठरवू नका. पण उभं राहिल्यावर अंधारी येते हे महत्त्वाचं. जुन्या शुगरमध्ये या बारीक नसा खराब होतात. उभं राहिलं की रक्त पायाकडं उतरतं, तेव्हा सिंपथेटिकनं वाहिन्या आवळायला पाहिजेत, ते होत नाही. बीपी मशीन मिळालं तर पाच मिनिटं आडवं झोपवून घ्या, मग उभं करून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरकडं दाखवायचंच. उभं करताना शेजारी कुणीतरी धरायला पाहिजे. आणि आबांच्या सगळ्या गोळ्या सांगा.

नर्सिंगवाली_लातूर

शुगरच्या दोन आहेत. एक रात्रीची आहे लघवी अडकते म्हणून, पाकिटावर टॅमसुलोसिन लिहिलंय.

जालन्याचा_फार्मासिस्ट

ताई, ती त्याच अल्फा-१ कुलपाची गोळी आहे. प्राझोसिनची चुलत बहीण, प्रोस्टेटकडं जास्त जाते पण वाहिन्या थोड्या सैल करतेच. आपल्या मनानं बंद करू नका, लघवी तुंबली तर वेगळंच होऊन बसेल. डॉक्टरला दोन्ही सांगा, शुगर जुनी आहे आणि ही गोळी चालू आहे. तोवर आबांना म्हणावं सकाळी आधी खाटेवर पाय खाली सोडून बसायचं, पोटऱ्या आवळायच्या सोडायच्या, मग उठायचं.

नर्सिंगवाली_लातूर

शेजारच्या काकांकडं मशीन होतं. आडवं १४२/८०, उभं एका मिनिटाला ११८/७२, तिसऱ्याला ११४/७०. उद्या सकाळच्या गाडीनं आबांना घेऊन लातूरला जायलेय. ते म्हणायलेत तुझी परीक्षा झाल्यावर जाऊ.

सिस्टर_परभणी

उद्याच जा. आणि एसटीत त्यांना उभं राहू देऊ नको.