मदत हवी आहे: बाबांचा गुळाचा चहा आणि ‘नो ॲडेड शुगर’ बिस्किटं

नमस्कार मंडळी, बाबांना (वय 68) डायबेटिस आहे, साखर बंद केली पण चहात दोन चमचे गूळ घालतात आणि सोबत ‘नो ॲडेड शुगर’ची चार-पाच बिस्किटं, म्हणतात पाकिटावर लिहिलंय ना. काल मागचं बारीक अक्षर वाचलं तर आधी मैदा, मग माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर), ते तर रक्तातली साखर पटकन वाढवतं! आणि गुळात तरी काय, बहुतेक सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच.

मला या पाकिटांवर विश्वासच राहिला नाही. 1965 साली अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशन या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना साधारण 6,500 डॉलर दिले, 1967 ला आलेल्या लेखात हृदयविकाराचा दोष साखरेवरून फॅटवर ढकलला, पैसे कुणाचे ते लिहिलंच नाही, 2016 ला उघड झालं. आमच्याकडे बाबांनी तूप कधीच सोडलं, बिस्किट मात्र चालूच.

तर चार वाजता चहासोबत काय द्यावं? फुटाणे दाताने चावत नाहीत. आणि वाद न घालता कसं पटवू? खाण्याआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा दाखवून कुणाच्या घरी उपयोग झालाय का? प्लीज सांगा, फार काळजी वाटते.