इपॉक्सीचा ब्रश धुवावा की फेकावा?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

गेली काही वर्षे मी प्लायवूड आणि बाल्सा लाकडाच्या, रिमोटवर चालणाऱ्या होड्या व ग्लायडर बनवतो. या कामात इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा गोंद, दोन ठिकाणी लागते. एक म्हणजे सांधे चिकटवायला, ज्यासाठी आइस्क्रीमची काडी पुरते. दुसरे म्हणजे लाकडावर काचेचे तलम कापड बसवून त्यावर पाणी न शिरणारे कवच चढवायला, आणि तिथे ब्रश लागतो. माझे मत असे की या कामासाठी हार्डवेअरच्या दुकानातला सर्वांत स्वस्त ब्रश डझनाने आणावा, एकदा वापरावा आणि टाकून द्यावा.

ऑइल पेंटचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला की सुटतो, म्हणून ब्रश धुण्याची सवय आपल्या हाताला लागलेली असते. इपॉक्सीचा स्वभाव निराळा आहे. ती वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर यांच्या रासायनिक अभिक्रियेने ती घट्ट होते आणि काम संपले तरी ही अभिक्रिया चालूच राहते. ब्रश वरवर कितीही स्वच्छ दिसला तरी केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या पट्टीच्या आत, थोडे मिश्रण राहतेच आणि दुसऱ्या दिवशी तिथे दगड झालेला असतो. अर्धवट धुतलेल्या ब्रशात ॲसिटोन (इपॉक्सीचा ब्रश ज्यात धुतात ते द्रावक) उरले, तर ते पुढच्या मिश्रणात उतरते आणि त्या भागातले कवच मऊ राहते. मागच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मला हा अनुभव आला आहे.

स्वस्त ब्रशाचे केस गळतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे ब्रश आधी तळहातावर आपटावा, मग केसांना मास्किंग टेप दोनदा चिकटवून ओढावी, आणि शेवटी कात्रीने केस साधारण 1 सेंटीमीटर ठेवून बाकीचे कापून टाकावेत. आखूड केस ताठ राहतात, मिश्रण कमी पितात आणि कापडावर ठोकत ठोकत ते भिजवायला सोयीचे पडतात. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर मिळणारा अर्ध्या इंचाचा ब्रश एका कटिंग चहाच्या किमतीत येतो. तो वाचवण्यासाठी त्याहून महागडे ॲसिटोन का ओतावे?

नेरूळचा सुतारकाम्या

धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. एका ब्रशाचा हिशेब त्यांनी चोख मांडला, पण एका होडीचा मांडला नाही. पहिला थर पूर्ण घट्ट होण्याआधी, बोटाला किंचित चिकट लागत असताना दुसरा दिला, तर दोन्ही थर एकजीव होतात आणि मध्ये पॉलिशपेपरने घासावे लागत नाही. म्हणून आपण सगळेच एका दिवसात तीन थर देतो. म्हणजे होडीच्या तळाला तीन ब्रश, डेकला तीन, सुकाणूच्या आणि मोटारीच्या बैठकीला आणखी दोन. डझनातले आठ तिथेच संपले, आणि त्याबरोबर लाकडी दांडे, पत्रा आणि केस असा ढीग कचऱ्यात गेला.

शिवाय केस कापलेल्या ब्रशाने कापड भिजते, पण शेवटचा थर गुळगुळीत येत नाही. मग त्यावर आणखी इपॉक्सी ओतली जाते आणि वजन वाढते. होडीला ते चालून जाते. ग्लायडरच्या पंखावर, जिथे आपण 25 ग्रॅम प्रति चौरस मीटरचे कापड वजनाच्याच धाकाने निवडतो, तिथे हा ब्रश सगळी मेहनत पाण्यात घालतो.

माझी पद्धत सांगतो. ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्रावर कोरडा होईपर्यंत पुसावा. मग तीन झाकणबंद काचेच्या बरण्यांत क्रमाने धुवावा: पहिलीत मळके ॲसिटोन, दुसरीत बरे, तिसरीत स्वच्छ. प्रत्येक वेळी जुनी फणी केसांतून मुळापर्यंत फिरवावी आणि शेवटी साबण व कोमट पाणी वापरावे. ॲसिटोन 56 अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे रात्रभर टांगलेल्या ब्रशात ते शिल्लक राहण्याचे काही कारण नाही. तुमची नाळ मऊ राहिली ती घाईमुळे, धुण्यामुळे नव्हे. माझा एक चांगला ब्रश या पद्धतीने दोन वर्षे टिकला आहे. दिवाळे कोळीवाड्याकडे फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करणारे कारागीरही ब्रश फेकत नाहीत. ते द्रावकाच्या डब्यात बुडवून ठेवतात.

घोडबंदरकर

घाईचा आरोप मान्य आहे. पण तीन बरण्या ॲसिटोन मी ठेवू कुठे? माझे घर सातव्या मजल्यावर दोन खोल्यांचे, आणि कार्यशाळा म्हणजे बाल्कनीतले टेबल. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही दिवशी उघड्या बरणीवरची वाफ ठिणगी मिळताच पेटू शकते. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघरात गॅस आणि देवघरात समई तेवत असताना बाल्कनीत फणीने ब्रश विंचरत बसायला माझे मन धजत नाही. मळकी बरणी शेवटी कुठे रिकामी करायची, हेही आपण लिहिलेले नाही. मोरीत ओतण्याची गोष्ट ती नव्हे.

बेलापूरचा दर्यावर्दी

कोळीवाड्याचा दाखला आला म्हणून लिहितो, कारण ते काम मी लहानपणापासून जवळून पाहिले आहे. तिथे सहसा इपॉक्सी नसते. ते पॉलिएस्टर रेझिन असते आणि त्याचा हार्डनर निराळा, मोजून थेंबांनी घालायचा. काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग चालते, ब्रश डब्यातून निघतो, झटकला जातो आणि लगेच पुन्हा रेझिनमध्ये जातो. शेड चारही बाजूंनी उघडी असते आणि खाडीचा वारा अंगावर येत असतो. त्या माणसाचा ब्रश दिवसभर राबतो, म्हणून त्याला धुणे परवडते. आपण रविवारी वीस मिनिटे ब्रश हातात धरतो आणि पुढचा रविवार पावसात जातो. ही तुलना मला जुळणारी वाटत नाही, तरी सगळेच फेकावे असेही मी म्हणणार नाही.

ऐरोलीची बाल्सावाली

घोडबंदरकर साहेब आणि नेरूळचे काका, दोघांचीही क्षमा मागून म्हणते की दोघांचाही प्रश्नच मला थोडा चुकलेला वाटतो. सपाट भागाला ब्रश हवाच कशाला? पंखाच्या सपाट पृष्ठभागावर मिश्रण ओघळीने सोडावे आणि मुदत संपलेल्या बँक कार्डाने हलक्या हाताने मधून कडेकडे ओढावे. कापडाची वीण दिसू लागली की थांबावे. उरलेले जादा मिश्रण टिश्यू पेपरचा रोल त्यावरून फिरवून टिपून घ्यावे. कार्डावर उरलेली इपॉक्सी दुसऱ्या दिवशी कार्ड वाकवले की टकाटक निघते आणि तेच कार्ड पुन्हा वापरता येते. ब्रश फक्त गोलाईला, कोपऱ्यांना आणि आतल्या सांध्यांना लागतो. मागच्या संपूर्ण ग्लायडरला मला दोन ब्रश लागले, आणि ते मी खुशाल टाकले.

केक-बिस्किटांना तूप लावायचा सिलिकॉनचा ब्रशही मी वापरून पाहिला. सिलिकॉनला इपॉक्सी चिकटत नाही, घट्ट झालेला थर केळीच्या सालीसारखा सोलून निघतो. पण त्याचे दात जाड आणि लुळे असल्याने कापड नीट भिजत नाही. सांध्यात भर घालायला मात्र तो उत्तम आहे. (स्वयंपाकघरातला उचलू नये, वेगळा आणावा.)

एक गोष्ट ब्रशापेक्षा महत्त्वाची आहे. ब्रश धुताना मिश्रण पातळ होऊन बोटांवर येते आणि ॲसिटोन त्वचेवरचे तेल काढून टाकते, म्हणजे रेझिन आणि हार्डनरला आत शिरायला वाट मोकळी होते. मी दोन वर्षे उघड्या हातांनी ब्रश धुतले. आता मिश्रणाचा डबा उघडला तरी मनगटावर पुरळ उठते. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. धुणार असाल तर नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि ॲसिटोनमध्ये तेही फार वेळ टिकत नाहीत हे ध्यानात ठेवून ते लवकर बदला.

नेरूळचा सुतारकाम्या

ताई, हातांचे वाचून वाईट वाटले. मी हातमोजे घालतो, पण ते बदलत नव्हतो. कार्डाची युक्ती पंखासाठी मान्य. होडीच्या तळाला मात्र सपाट भाग असतो कुठे? तिथे माझा ब्रश आणि माझ्या बरण्या राहणार. मळके ॲसिटोन मी मोरीत ओतत नाही. गाळ खाली बसला की वरचे निवळ काढून पुन्हा वापरतो आणि गाळ उघड्यावर घट्ट होऊ देऊन मग टाकतो. बाल्कनीबद्दल घोडबंदरकरांचे म्हणणे योग्य आहे. माझे घर तळमजल्यावर आहे आणि मागे अंगण आहे, हा फरक मी लक्षात घ्यायला हवा होता.

घोडबंदरकर

आभार. फेकणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे: ओला ब्रश थेट पिशवीत घालू नये. घट्ट झालेली इपॉक्सी फारशी त्रासदायक नसते, त्रास ओलीचा असतो. मी ब्रश रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सुक्या कचऱ्यात टाकतो, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताला ती लागत नाही. डब्यात उरलेले मिश्रणही पसरट ताटलीत ओतून ठेवावे; खोलगट डब्यात ते तापते, कधी धूरही निघतो.

तीन थरांच्या तीन ब्रशांवर मी एक तोड काढली होती. पहिला थर झाला की ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायचा. थंडीत अभिक्रिया मंदावते. ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी बदलले की वेग दुपटीने बदलतो, म्हणूनच मे महिन्यात 35 अंशांत आपले मिश्रण डब्यातच घट्ट होते. त्या ब्रशाने तिन्ही थर झाले.

ऐरोलीची बाल्सावाली

फ्रीझरमध्ये आणखी काय काय होते, साहेब?

घोडबंदरकर

सुरमई. घरात ते उघडकीस आल्यापासून मी पुन्हा डझनाने ब्रश आणतो.