बहिणीला बी.ए. करून लेखन शिकायचे आहे. महाविद्यालय निवडताना काय पाहावे?

धुऱ्यावरून (आर्वी तालुका, जि. वर्धा)

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला बी.ए.ला प्रवेश घ्यायचा आहे. वडिलांचा आग्रह नर्सिंगचा किंवा डी.फार्म.चा आहे, आणि तो मला चुकीचा वाटत नाही. सहा एकर कोरडवाहू वावरात पऱ्हाटी आणि तूर घेणाऱ्या माणसाला मुलीच्या हाती लवकर पगार यावा असे वाटणारच.

मात्र गेली तीन वर्षे आमच्या गावातील निम्म्या लोकांचे अर्ज तीच लिहिते. मागील उन्हाळ्यात पांदण अडवली गेली तेव्हा आधीच्या दोन अर्जांत नुसत्या विनंत्या होत्या आणि ते पडून राहिले. तिसरा हिने लिहिला. वाट कोणत्या दिवसापासून बंद आहे, कोणाच्या बैलबंडीला किती वळसा पडतो आणि पावसाआधी वाट मोकळी न झाल्यास किती जणांची पेरणी अडेल, एवढेच तिने क्रमाने मांडले होते. त्यावर स्थळपाहणी झाली. तिला हेच काम नीट शिकायचे आहे. बी.ए.मध्ये लेखन खरोखर शिकवले जाते का? त्यासाठी नागपूरला पाठवावे, की तालुक्याच्या महाविद्यालयात भागेल?

माजी विद्यार्थिनी, समुद्रपूर

भाऊ, मी ग्रामीण भागातूनच मराठी आणि समाजशास्त्र घेऊन बी.ए. केले. माझा अनुभव सांगते, कारण तो लपवून तुमच्या बहिणीचा काहीच लाभ होणार नाही. तीन वर्षांत माझे एकही वाक्य कोणी माझ्यासमोर बसून वाचले नाही. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी बाजारातील गाईड आणायचे, दहा प्रश्न पाठ करायचे आणि पुरवण्या जोडायच्या, असाच क्रम होता. गुण बरे मिळाले. पुढे एका संस्थेत बचत गटांचे अहवाल लिहिण्याचे काम मिळाले, तेव्हा तेथील वरिष्ठ ताईंनी माझा पहिला अहवाल लाल शाईने भरून परत दिला. त्या दिवशी मी रडले, परंतु वाक्य कोठे सुरू करावे आणि कोठे संपवावे हे मी तेव्हापासून शिकले. हे मला अठराव्या वर्षीच मिळायला हवे होते, असे आजही तीव्रतेने वाटते.

म्हणून इमारत किंवा शहर पाहू नका. विभागात जाऊन मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या तपासलेल्या वह्या आणि प्रकल्प दाखवा म्हणावे. समासात शिक्षकांच्या हातचे शब्द आहेत की केवळ सही आहे, हे पाहावे.

मराठीचा अध्यापक

वरील ताईंचे म्हणणे मी या व्यवसायातील माणूस म्हणून मान्य करतो. बी.ए.साठी बारावीची शाखा आड येत नाही, तेव्हा ती चिंता नको.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020नुसार संलग्न महाविद्यालयांत 2024-25पासून नवी रचना आली आहे. एका सत्राला साधारण 20 ते 22 श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि वर्गातील अध्यापनाचे 15 तास म्हणजे एक श्रेयांक. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि इच्छा असल्यास चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. पालकांशी बोलताना आम्ही बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबतो. परंतु आपल्या बहिणीच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा याच्या आत आहेत. मुख्य आणि दुय्यम विषयांखेरीज भाषेचा क्षमतावर्धन अभ्यासक्रम असतो, कौशल्याचे अभ्यासक्रम असतात, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे काम असते आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कार्यप्रशिक्षण, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, असते. या प्रत्येक जागी लेखन शिकवता येते. कौशल्याच्या नावाखाली कोणी वृत्तलेखन, मुद्रितशोधन किंवा अनुवाद करून घेतो, तर कोणी त्याच तासांत नुसती टिपणे उतरवून देतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसते. त्यामुळे कौशल्याचे अभ्यासक्रम कोणते आहेत, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

क्षेत्रीय प्रकल्पाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ग्रामीण महाविद्यालयाचे खरे बळ तेथे आहे. पूर्वीच्या मध्य प्रांतातील आपल्या जिल्ह्यांत गावोगावची निस्तारपत्रके आहेत. चराई, सरपण, स्मशान, गुरांच्या वाटा असे गावाचे सामाईक हक्क त्यांत नोंदलेले असतात. माझे विद्यार्थी आपल्या गावाच्या निस्तारपत्रकाची नक्कल मिळवतात, त्यातील जागा प्रत्यक्ष पाहून येतात, जुन्या माणसांशी बोलतात आणि मग आठ पाने लिहितात. ती पाने मी तीन वेळा परत करतो. पहिल्या वेळी बहुतेकांनी ‘आमचे गाव निसर्गरम्य आहे’ अशी सुरुवात केलेली असते; तिसऱ्या वेळी तेच विद्यार्थी लिहितात की सर्व्हे क्रमांकातील चराईची जागा आज कोणाच्या वहितीत आहे आणि ते कोणी सांगितले. पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले वेगळे ठेवून लिहिणे हेच मी मानव्यविद्येचे शिक्षण समजतो. आपल्या बहिणीने पांदणीच्या अर्जात ते शिकण्याआधीच केले आहे.

भाषेबद्दल एक गोष्ट. वर्गात ‘वावर’, ‘धुरा’, ‘पऱ्हाटी’ हे शब्द आले की काही शिक्षक ते खोडून ‘शेत’, ‘बांध’, ‘कपाशी’ लिहितात. जो शिक्षक खोडण्याऐवजी त्या शब्दाचा नेमका अर्थ विचारतो, त्याच्या वर्गात तिने बसावे.

बोर नदीकाठ

खर्चाचेही पाहावे. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. महाविद्यालयासाठी मासिक पासवर 66.67 टक्के सवलत मिळते. नागपूरला खोली, मेस आणि शिकवणी यांत वडिलांची पऱ्हाटी जाईल. शिवाय त्यांना सांगा की राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यात निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. माझ्या मते स्पर्धा परीक्षेसाठीच बी.ए. करणे योग्य नव्हे, परंतु लिहिता येणाऱ्याला आता तेथेही अर्थ आहे, हे त्यांना कळावे.

धुऱ्यावरून (आर्वी तालुका, जि. वर्धा)

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघे दोन महाविद्यालयांत जाऊन आलो. एका ठिकाणी वह्या मागितल्यावर ‘रद्दीत गेल्या’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी कपाट उघडून एक गठ्ठा पुढे ठेवला. बहीण दीड तास वाचत बसली आणि तिनेच मला एका प्रकल्पातील समासात लिहिलेले ‘हे तुला कोणी सांगितले?’ दाखवले. ग्रंथालय लहान आहे, इंग्रजीचे पद रिक्त आहे, तरी तेथेच प्रवेश घ्यायचे ठरले. वडील अद्याप पूर्ण राजी नाहीत. एक वर्ष पाहू म्हणाले आहेत. सर, मराठीसोबत तिने इतिहास घ्यावा की राज्यशास्त्र?

मराठीचा अध्यापक

त्या मॅडम दुसरा कोणता विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यासोबत प्रकल्प करून घेतात, ते विचारा आणि तो विषय घ्या. दोन्हीकडे सारखेच असेल, तर इतिहास घ्यावा, कारण जुने कागद वाचण्याची सवय त्यात लवकर लागते. निस्तारपत्रकाच्या नकलेसाठी तलाठ्यांकडे किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो ती मला विचारल्याशिवाय लिहील, याची खात्री आहे.