पिकनिकला डिस्पोजेबल काहीच न्यायचं नाही, घरचेच डबे न्यायचे. पटतंय का?

निळी_सायकल
गेल्या रविवारी आम्ही चौदा जण नदीकाठी गेलो होतो. निघताना कचरा गोळा करायला बसले आणि खरंच वाईट वाटलं. खाणं चाललं जेमतेम अर्धा तास, आणि पिशवीत प्लेटा, चमचे, स्ट्रॉ, क्लिंग फिल्मचे चिकट गोळे, अर्ध्याच प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या. एक प्लेट वाऱ्याने उडाली ती थेट पाण्यात, मी गुडघाभर पाण्यात गेले तरी हाताला लागली नाही, वाहत गेली.
तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की एकदा वापरून फेकायचं काहीही न्यायचं नाही. आणि त्यासाठी ‘इको’ लिहिलेला नवा सेटही घ्यायचा नाही! घरात आहेत तेच डबे, ताटल्या, चमचे घ्या, जुना प्लास्टिकचा डबा असला तरी चालेल, तो आता बनलेलाच आहे, वापरू त्याला अजून दहा वर्षं. पेपर नॅपकिनऐवजी जुन्या सुती ओढणीचे तुकडे. रिसायकल होतं म्हणून निश्चिंत राहू नका, २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के रिसायकल झाला असा २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे.

गच्चीवरचा
ताई, भावना समजली पण घासणार कोण ते सांगा. चौदा ताटल्या, चौदा पेले, वर डबे. आमच्याकडे ते सगळं आईच्या वाट्याला येतं, म्हणजे सगळ्यांची सुट्टी आणि तिची डबल ड्युटी. शिवाय वजन! गाडी लांब उभी करून दोन किलोमीटर चालायचं असेल तर स्टील आणि काच उचलून बघा एकदा.
आणि पिशव्याही कापडीच न्यायच्या म्हणाल तर २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने हिशोब काढला होता, साधी सुती पिशवी नुसता हवामानाचा विचार केला तरी ५२ वेळा वापरावी लागते आणि सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा, तेव्हा कुठे ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. मग?

निळी_सायकल
तो हिशोब नवीन पिशवीचा आहे हो, म्हणून तर म्हणतेय नवीन घेऊच नका. आणि कचरा उडून नदीत जातो त्याचं नुकसान त्यात धरलेलंच नाही. माझा मुद्दा नेमका तोच आहे, ती प्लेट.
आईचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, तो मी लिहायला हवा होता. आता आम्ही ज्याची ताटली त्याने आणायची, खाऊन झालं की पुसून आपल्याच पिशवीत टाकायची आणि घरी जाऊन स्वतः घासायची असं ठरवलंय. काच आम्हीही नेत नाही.

पानगळ
दोघंही टोकाला जाताय असं वाटतं. कंपोस्ट होणाऱ्या प्लेटा आणि कप मिळतात की, ते घ्या, ना घासणं ना पाप.

निळी_सायकल
इथेच लोक फसतात. पीएलए नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक कप मक्यासारख्या पिकापासून बनतो हे खरं, पण तो नीट कुजायला ५५-६० अंशांची मोठ्या प्लँटमधली उष्णता लागते. अंगणातल्या खड्ड्यात पुरलात तर पुढच्या वर्षी उकरल्यावर तसाच निघेल. कागदी कपाला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा पातळ थर असतो, नखाने खरवडून बघा. तुमच्याकडे तसा प्लँट असेल आणि तिथवर ते पोचवणार असाल तर ठीक.

दोन_चमचे
मला वेगळीच काळजी आहे, अन्न वाया जाण्याची. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं म्हणे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल. प्लास्टिक टाळायचं म्हणून कापलेली फळं कपड्यात गुंडाळून नेली आणि ती पिचपिचीत झाली म्हणून टाकली तर काय साधलं? शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर तासभरच.
फळं न कापता न्या, सुरी बरोबर घ्या. ओलं जे काही असेल ते रिंग असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि आदल्या रात्री पाणी भरून डबा उलटा ठेवून बघा, गळतोय का ते घरीच कळतं, माझी अख्खी बॅग भिजल्यावर मला हे सुचलं. थंडाव्यासाठी पाण्याची एकेरी भिंतीची बाटली फ्रीजरमध्ये ठेवा पण वर चार बोटं रिकामी सोडा, बर्फ फुगतो. व्हॅक्यूमवाली बाटली फ्रीजरमध्ये कधीच नको.

गच्चीवरचा
ज्याची ताटली त्याने घासायची हे आवडलं, घरी सांगतो. पण लांब चालायचं असेल तेव्हा मी कागदी प्लेटा नेणारच, खोटं कशाला बोलू. बाटल्या आणि चमचे मात्र घरचे.

निळी_सायकल
न्या, पण मोजून न्या आणि मोजून परत आणा. वर एक जड डबा ठेवा, वारा आला की त्या सगळ्यात आधी उडतात.