मदत हवी आहे: इंडीच्या रेकॉर्ड्स, जुन्या आणि नव्या, शोधायच्या कशा?

मंडळी, टर्नटेबल घेऊन झालं, आता त्यावर लावायचं काय हा प्रश्न आहे. इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांनी काढलेलं संगीत, ऐकायचंय, जुनंही आणि आत्ताचंही. सध्या बँडऐवजी लेबलांचा, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांचा, माग काढतेय: 1978 ची रफ ट्रेड आणि फॅक्टरी, मग 1980 ची फोर एडी. या शेवटच्या लेबलची डिझायनर व्हॉन ऑलिव्हरने केलेली कव्हरं बघितली की कान राहतात बाजूला, खरेदी डोळेच करतात!

खरी गोची जुन्या प्रतींची. परवा एक वापरलेली एलपी आणली. दिव्याखाली तिरकी धरली तर लख्ख, पण शेवटच्या गाण्यात प्रत्येक 'स' नुसता फसफसतो. सुई आत सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खोबणीचा वेग कमी होतो, म्हणून थोडा फरक पडतो हे ठाऊक आहे. पण इतका? सुई नीट बसलेली नाही की आधीच्या मालकाने तबकडीच झिजवलीय? आणि तबकडीच्या मधल्या कागदी लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या आकड्यांवरून पहिली आवृत्ती कशी ओळखता?

नवे बँड बँडकॅम्प या संगीताच्या वेबसाइटवर ऐकते, पण तिथे टॅगच्या जंगलात हरवायला होतं. तुम्ही कुठून सुरुवात केलीत? यादी नको, एकच रेकॉर्ड सांगा, सारखी लावावीशी वाटणारी.